टेरी प्रॅचेट वाचणारे कोल्हापूरकर, हजेरी लावा

रंकाळ्याचा वारा

इथं फँटसीवरचा धागा निघाला की गाडी अंगठी, ड्रॅगन आणि सिंहासन एवढ्या तीन स्टॉपांवरच फिरत राहते. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं नाव काढलं की 'हां, ते विनोदी लिहितात ते' म्हणून लोक पुढं सरकतात. विनोदी तर ते आहेतच. पण त्यांच्याइतका चिडलेला लेखक मला फँटसीत दुसरा दिसलेला नाही. त्यावर बोलायला हा धागा.

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्कवर्ल्ड म्हणजे ताटासारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशातून निवांत पोहत चाललेलं. इंग्रज वाचकाला हे पहिल्या पानावर समजावून सांगावं लागतं. आपण कूर्मावतार आणि दिग्गज ऐकतच मोठे झालो, महादेवाच्या देवळात नंदीपाशी जमिनीत कोरलेलं कासव ओलांडून आत जातो, त्यामुळं आपल्याला पहिल्या पानावरच घरी आल्यासारखं वाटतं. १९८३ ते २०१५ या काळात या जगावर ४१ कादंबऱ्या आल्या. त्यात चेटकिणींच्या, शहराच्या पोलीस चौकीच्या, यमाच्या (तिथं त्याचं नाव नुसतंच डेथ), पळपुट्या जादूगाराच्या अशा वेगवेगळ्या शाखा आहेत आणि बहुतेक पुस्तकं सुटी वाचली तरी कळतात.

आता माझा मुद्दा. या जगात जादू पोत्यानं आहे, पण जादूचं विद्यापीठ चालवणारे जादूगार दिवसातून चार वेळा जेवतात आणि एकमेकांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असतात. जग चालतं ते जादू येत असून न वापरणाऱ्यांमुळं, नाहीतर जादू अजिबात न येणाऱ्यांमुळं. ग्रॅनी वेदरवॅक्स ही डिस्कवरची सगळ्यात ताकदीची चेटकीण. ती दिवसभर काय करते? बाळंतपणं, म्हाताऱ्यांची नखं कापणं, मरणाऱ्याच्या उशाशी बसणं. 'कार्पे जुगुलम'च्या (१९९८) सुरुवातीला तिला एका बाळंतिणीसाठी बोलावतात. गाईनं लाथ मारलेली, आई किंवा मूल, एकच वाचणार. सुईण म्हणते, नवऱ्याला विचारूया. ग्रॅनी विचारत नाही. त्या माणसानं असं काय वाकडं केलंय की हा प्रश्न त्याच्या डोक्यावर टाकायचा, असं तिचं म्हणणं. निर्णय ती घेते आणि ते ओझं घेऊन घरी जाते. एवढ्या दीडदोन पानांसाठी मी त्या माणसाची सगळी पुस्तकं वाचायला तयार होतो, आणि वाचलीही.

तुमचं लाडकं पुस्तक, पात्र, प्रसंग सांगा. भांडणही चालेल.

पायताण

हजर! आमचं घर चपलांच्या धंद्यातलं, त्यामुळं मी कुठनं आत शिरलो असंल ते वळखा. बुटांचा सिद्धांत.

'मेन ॲट आर्म्स'मधी (१९९३) चौकीचा कॅप्टन सॅम व्हाइम्स हिशेब घालतो. चांगले बूट पन्नास डॉलरला, धा वर्सं टिकणार. त्याचा पगार महिन्याला अडतीस. मग तो घेतो धा डॉलरचे, जे एकदोन हंगामात गळायला लागतात. धा वर्सांत गरिबाचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. श्रीमंत श्रीमंत का ऱ्हातो, तर त्याला खर्चच कमी येतो म्हणून.

लई भारी लिवलंय. पण चपलेवाल्याची एक हरकत नोंदवून घ्या. आमच्याकडं बरोबर उलटं हाय. अस्सल कोल्हापुरी म्हंजे बाभळीची साल आणि हिरडा लावून पकवलेलं कातडं, हातानं शिवलेलं. जेवढी भारी तेवढी जपावी लागती. ती घालून आमच्या पावसाळ्यात चिखलात हिंडलासा तर फुगून वाट लागंल. गिऱ्हाईक भांडायला येतंय, 'एवढे पैसे घेतले आणि पहिल्याच पावसात?' आता काय सांगायचं त्याला! ज्याला पावसात राबायचंय त्याला पैसे असले तरी ही चप्पल कामाची न्हाई. म्हंजे भारी वस्तू जपायला कोरडी जागा लागती, ती पन श्रीमंतालाच मिळती. हे व्हाइम्सच्या हिशेबात न्हाई.

रंकाळ्याचा वारा

@पायताण, हे तर सिद्धांताला पुढचं पोटकलम झालं! व्हाइम्सला हे पटलं असतं, कारण पुढं तो श्रीमंत घरात लग्न करून जातो तेव्हा त्याला हेच दिसतं. लेडी सिबिलच्या घरी सगळ्या वस्तू पिढ्यानपिढ्या जुन्या, कुणी नवीन काही विकत घेतच नाही.

एक माहिती भर घालतो. हा हिशेब आता कादंबरीबाहेर पडलाय. २०२२ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये गरिबीवर लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी सरकारी महागाई दराला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं असं की सरासरी आकडा काही का असेना, दुकानातले सगळ्यात स्वस्त तांदूळ आणि पास्ता यांचे भाव त्याच्या कितीतरी पट वाढतात. त्यासाठी त्यांनी वेगळा निर्देशांक काढायचं ठरवलं आणि त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं. प्रॅचेट यांची मुलगी रिॲना हिनं आनंदानं परवानगी दिली. आपल्याकडं महिन्याचं तेल डब्यानं भरणारा आणि रोज संध्याकाळी पाव किलोनं आणणारा यांच्यात हाच फरक आहे.

मोल्डिंगवाला

शिरोलीत फाउंड्रीत आहे. जाता-येता गाडीत ऑडिओबुकं ऐकतो, वाचायला वेळ कुणाला आहे. पेंग्विननं २०२२ पासून सगळी मालिका नव्यानं आवाजात आणली, त्यात तळटीपा वाचायला बिल नाय हा वेगळा नट घेतलाय. प्रॅचेटच्या तळटीपा म्हणजे निम्मं पुस्तक, त्यामुळं हे डोकं ज्यानं चालवलं त्याला नमस्कार.

पण मी आलोय तलवारीसाठी. २००९ मध्ये यांना 'सर' केलं. आता सरदार झालो तर तलवार पाहिजे, असं म्हणून ह्या माणसानं स्वतः बनवली. विकत नाही घेतली. घराजवळच्या शेतातनं लोहखनिज उकरलं, गवत-मातीची भट्टी उभी केली, जाणकार मित्राला हाताशी घेऊन त्यातनं लोखंड काढलं आणि वर उल्केचे तुकडे टाकले, कारण आकाशातनं पडलेल्या लोखंडात जादू असते म्हणे. मग लोहाराकडनं पातं घडवून घेतलं.

ज्यांचा भट्टीशी संबंध नाही त्यांना यातली गंमत कळणार नाही. आम्ही रोज स्क्रॅप आणि पिग आयर्न वितळवतो, ते सोपं. दगडातनं लोखंड काढणं ही वेगळी विद्या आहे. एवढ्याशा मातीच्या भट्टीत लोखंड वितळतच नाही. खाली स्पंजासारखा एक गोळा जमतो, निम्मा लोखंड निम्मा स्लॅग, म्हणजे मळी. तो तापवून ठोकायचा, परत तापवायचा, परत ठोकायचा, तेव्हा कुठं कामाचा तुकडा हातात येतो. साठी ओलांडलेला, आजारी माणूस हे करत बसला. त्यांच्या पुस्तकात लोहार, घड्याळजी, छापखानेवाले, टपालवाले इतके खरे का वाटतात त्याचं उत्तर मला इथं मिळालं. आधी वर्तमानपत्रात बातमीदार, मग वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी, तेही अणुवीज केंद्रांचे. अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात १९७९ ला झाला आणि हे साहेब त्यानंतर लगेच नोकरीला लागले. 'सगळं सुरक्षित आहे' असं रोज फोनवर सांगायची नोकरी! त्यातनं तळटीपा सुचणार नाहीत तर काय.

निळी शाई

माझं मत 'स्मॉल गॉड्स'ला (१९९२). आणि हे मी दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारी बाई म्हणून सांगते, नास्तिक म्हणून नव्हे.

ओम नावाचा मोठा देव आहे. त्याच्या नावानं अख्खं राज्य चालतं, देवळं आहेत, धर्मसभा आहे, छळघर आहे. देव पृथ्वीवर अवतार घ्यायला निघतो आणि बघतो तर आपण एक साधं, एका डोळ्याचं कासव झालोय. शक्ती गायब. कारण त्या जगात देवाचं बळ भक्तांच्या श्रद्धेवर चालतं, आणि लाखो लोकांच्या त्या राज्यात देवावर खरी श्रद्धा असलेला एकच माणूस उरलाय, बागेत खरबुजांची निगा राखणारा ब्रूथा. बाकीच्यांची श्रद्धा कधीच देवावरून सरकून देवळावर, पुजाऱ्यांवर आणि मुख्य म्हणजे भीतीवर बसलीय. ही सरकत जाण्याची क्रिया प्रॅचेट इतकी बारकाईनं दाखवतात की वाचताना मला आपलं बरंच काही आठवलं. कुठलं ते लिहीत नाही, धागा भरकटेल.

वर आणखी एक चेष्टा आहे. त्या राज्यात जग गोल आहे असं मानणं हा धर्म, आणि जग कासवाच्या पाठीवर सपाट आहे असं म्हणणं हे पाखंड. तिथं पाखंडीच बरोबर आहेत! गॅलिलिओची गोष्ट उलटी करून टांगलीय. त्यामुळं 'विज्ञान चांगलं, धर्म वाईट' असला स्वस्त निकाल लागत नाही. वाईट काय, तर समोरच्याला वेदना होतायत हे बघून ज्याच्या मनात काहीच हलत नाही तो वॉर्बिस. आणि शेवटी ब्रूथा त्याच वॉर्बिसशी जे वागतो, ते मी सांगणार नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे. तेवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकाला उशीर झाला.

शिरोळचा नाना

हत्ती म्हटल्यावर राहवेना. खिद्रापूरच्या कोपेश्वराला खालून हत्तींची रांग आहे, अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर घेतल्यासारखं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं काम. बऱ्याच हत्तींच्या सोंडा फुटल्यात, तरी ते आपले उभे. प्रॅचेट यांचं 'द फिफ्थ एलिफंट' (१९९९) आहे ना, त्यात दंतकथा अशी की पूर्वी पाचवा हत्ती होता, तो घसरला आणि डिस्कवर येऊन आदळला, म्हणून तिथल्या डोंगरांखाली चरबीच्या खाणी. हे वाचून परत खिद्रापूरला गेलो आणि रांगेत मोकळी जागा कुठं दिसते का ते बघत बसलो.

पुणेरी पाहुणा

नोकरीनिमित्त सध्या राजारामपुरीत मुक्काम आहे. मी यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. धागा वाचून सुरुवात करावीशी वाटते, पण ४१ म्हणजे जरा दडपण येतं. पहिल्यापासून क्रमानं वाचावीत का?

रंकाळ्याचा वारा

अजिबात नको. 'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३) हे त्या काळच्या तलवारबाज फँटसीची टिंगल करणारं पुस्तक आहे. ज्यांची टिंगल केलीय ती पुस्तकं आज कुणी वाचत नाही. 'मॉर्ट' (१९८७) किंवा 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) घ्या.

शाहूपुरी ३री गल्ली

साफ असहमत. मी 'कलर ऑफ मॅजिक'नंच सुरुवात केली आणि त्यातली ती शंभर पायांची, मालकामागं पळणारी, आडवा आला त्याला गिळणारी ट्रंक बघून आयुष्यभराचा गिऱ्हाईक झालो. लोक स्वतः पुढं जाऊन शहाणे होतात आणि मग मागच्यांना पहिली पायरी गाळायला सांगतात.

निळी शाई

पाहुणे, घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर 'द वी फ्री मेन' (२००३) आणा आणि दोघांनी मिळून वाचा. नऊ वर्षांची टिफनी, हातात बिडाचा तवा, धाकट्या भावाला सोडवायला परीराज्यात निघालीय. तो भाऊ तिला फारसा आवडतही नाही, सारखा चिकट हात आणि 'खाऊ खाऊ'. पण आपला आहे म्हणून आणायचा. तिची आजी मेंढपाळ होती. आसपासच्या गावांत तिचा शब्द चालायचा, आणि ती चेटकीण होती की नव्हती हे पुस्तक कधी सांगत नाही.

अक्का

सगळी ग्रॅनीचं गुणगान गायला लागलीत म्हणून आलो. ग्रॅनी थोर आहे, मान्य. पण रात्री दोनला पोट दुखलं तर तुम्ही कुणाचं दार वाजवणार? ग्रॅनीचं? ती आधी नजरेनंच गार करेल. मी तर नॅनी ऑगकडं जातो.

नॅनी म्हणजे बुटकी, गोल, तोंडात एकच दात, पोराबाळांचा पसारा, पाच-पन्नास नातवंडं, आणि दोन घोट पोटात गेले की असली गाणी म्हणायला लागते की अख्खं गाव खिडक्या लावून घेतं. ग्रॅनी सगळ्यांना बरोबर काय ते सांगते, आणि नॅनी त्यांना जे सोसवेल तेवढंच सांगते. 'वीर्ड सिस्टर्स' (१९८८) पासून ह्या दोघींची जोडी बघा. एकटी ग्रॅनी असती तर दोन पुस्तकांत काळी पडून गेली असती. नॅनी शेजारी बसून चहा ओतत बसते म्हणून ती माणसात राहते.

आणि नॅनी काय देवी नव्हे, हेही लेखकानं झाकलेलं नाही. सुनांना ती नुसती राबवते. तिच्या घरातली एकेक चिनीमातीची बाहुली सुनांनी पुसून चकचकीत ठेवायची, आणि हिला सुनांची नावंही धड आठवत नाहीत. लेकींना राणीसारखं वागवणार. मी चार सासवा अशा बघितल्यात आणि त्यांच्या मयताला गल्ली ओस पडली होती, सगळी रडत होती. दोन्ही खरं असतं. मोल्डिंगवाले भाऊ, तिचा थोरला पोरगा जेसन लोहार आहे, विसरलात काय? त्याच्याकडं आणलेल्या कुठल्याही जनावराला नाल ठोकायचीच अशी त्याची आण, त्यात यमाचा घोडासुद्धा आला.

मोल्डिंगवाला

जेसन कसा विसरीन दादा! तो तर आमच्या लाइनीतला.

अक्का

दादा नव्हे, अक्का. नाव वाचा की. आम्ही मंगळवार पेठेतल्या बायका अशाच बोलतो.

मोल्डिंगवाला

चुकलं अक्का 🙏

हवालदाराची पोरगी

मी सहसा नुसती वाचते, लिहीत नाही. पण व्हाइम्सबद्दल फक्त बुटांचं बोलून चालणार नाही.

'थड!' (२००५) मध्ये तो आता शहराचा मोठा पोलीस अधिकारी आहे, घरात लहानगा मुलगा. रोज संध्याकाळी सहा वाजता घरी जाऊन त्याला गाय हरवलेल्या माणसाचं एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं, हा नियम. शहरात दंगल पेटायच्या बेतात असते, खून झालेले असतात, तरी सहाला घरी. रस्ते अडलेले, तर गाड्या हलवून त्याला वाट करून देतात. त्याचा युक्तिवाद असा आहे, की चांगल्या कारणासाठी एकदा चुकवलं तर मग वाईट कारणासाठीही चुकवशील. आणि पुस्तकाच्या शेवटाकडं, काळोख्या गुहेत, डोक्यात सूड भरलेला असताना, सहा वाजतात. त्याच्या तोंडून ते गाईचं पुस्तक बाहेर पडतं, ओरडत. ते वाचून हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

माझे वडील पोलिसात होते. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती विसर्जन, निवडणुका, नवरात्र. आमच्या घरात सणाचा अर्थ 'बाबा नाहीत' असाच होता. ते काही वाईट बाप नव्हते, बंदोबस्त नाकारता येत नाही. त्यामुळं व्हाइम्सचं सहा वाजता निघणं मला स्वप्नरंजन वाटायला हवं होतं, राग यायला हवा होता. तसं झालं नाही. कारण प्रॅचेट हेही दाखवतात की त्याला हे परवडतं ते तो मोठा साहेब आहे म्हणून. त्याच्यासाठी रस्ते मोकळे करणारे हवालदार त्या वेळी आपापल्या घरी नसतात. ही गोष्ट पुस्तक मोठ्यानं सांगत नाही, पण ती त्यात आहे. मी वडिलांना तो प्रसंग मराठीत सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्याचा ड्रायव्हर कधी जेवायचा?"

पायताण

ताई, तुमच्या वडिलांना धाग्यावर घेऊन या. प्रॅचेट त्यांनाच कळलाय.

उत्तरेश्वरकर

सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडा खडा टाकतो. मीही चाहता आहे, पण डोळे उघडे ठेवून.

एक, प्रत्येक पुस्तकाला कोल्हापूर चिकटवायची गरज नाही भावांनो. चप्पल झाली, खिद्रापूर झालं, आता कुणीतरी लेखकाला तांबड्या रश्श्यात बुडवणार.

दोन, 'इंटरेस्टिंग टाइम्स' (१९९४) वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. तिथलं पूर्वेकडचं साम्राज्य म्हणजे चीन-जपानबद्दलच्या सगळ्या घिस्यापिट्या कल्पनांची खिचडी. आज्ञाधारक प्रजा, विचित्र नावं, आणि बाहेरून गेलेले म्हातारे योद्धे येऊन सगळं उलथवणार. स्वतःच्या समाजाची टिंगल करताना हा लेखक जेवढा धारदार असतो, तेवढा इथं नाही.

तीन, शेवटची पुस्तकं. 'रेझिंग स्टीम' (२०१३) मला पुरं करवलं नाही. प्रत्येक पात्र एकाच आवाजात लांबलचक भाषणं करतं. आजारपण समजून घेतो, पण वाचक म्हणून जे दिसलं ते दिसलं.

निळी शाई

दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. त्यावर उतारा म्हणून 'जिंगो' (१९९७) वाचावं असं सुचवते. समुद्रातून एक निरुपयोगी बेट वर येतं आणि दोन देश त्यावरून युद्धाला निघतात. शहरात वर्षानुवर्षं खाणावळ चालवणारं परदेशी कुटुंब एका रात्रीत 'त्यांचं' होतं, त्यांच्या दुकानावर हल्ला होतो. आणि व्हाइम्स शेवटी रणांगणावर जाऊन दोन्ही सैन्यांना शांतताभंगाच्या गुन्ह्याखाली अटक करतो! तीन वर्षांत या लेखकानं केवढी मजल मारली ते दिसतं.

तिसऱ्याबद्दल. त्यांना झालेला अल्झायमर वेगळ्या जातीचा होता, मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणारा. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि पुढच्या वर्षी संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले. या प्रकारात आठवण आणि बोलणं बराच काळ शाबूत राहतं, आधी नजर आणि हात दगा देतात. समोरची वस्तू दिसत नाही, कीबोर्डवरची अक्षरं सापडत नाहीत. त्यामुळं शेवटची पुस्तकं त्यांनी टाइप केली नाहीत, बोलून लिहिली. लांबलचक भाषणं का झाली असतील, विचार करा. हाताखालून वाक्य सरकवून, खोडून, परत जोडून लिहिणाऱ्या माणसाची ती सवयच गेली होती.

उत्तरेश्वरकर

हे पटलं. तरी पुस्तक पुरं होणार नाही माझ्याच्यानं.

शाहूपुरी ३री गल्ली

बुलडोझरचा विषय कुणी काढला नाही अजून?

रंकाळ्याचा वारा

बुलडोझर नव्हे, वाफेचा रोडरोलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रॅचेट १२ मार्च २०१५ ला गेले. अपुरं लेखन ज्या हार्ड डिस्कवर होतं ती रोडरोलरखाली चिरडावी अशी त्यांची इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ ला डॉर्सेटच्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत 'लॉर्ड जेरिको' नावाचा जुना रोलर तिच्यावरून फिरवला. त्यांचे सहायक रॉब विल्किन्स यांनी हे करून घेतलं.

शाहूपुरी ३री गल्ली

मला हे अजून सहन होत नाही. अर्धवट असेना का, आम्ही वाचलं असतं की.

अक्का

तुम्ही वाचलं असतं आणि मग इथं येऊन 'पुरं करवलं नाही' म्हणून लिहिलं असतं. बरं केलं त्यानं.

मोल्डिंगवाला

अक्का 😂 पण खरंय. आमच्यात खराब कास्टिंग गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, परत भट्टीत टाकतात. सहीचा माल तोच जो स्वतः तपासून सोडला. शिवाय चिरडायला वाफेचं इंजिन निवडलं, साधा हातोडा नाही. मेल्यावरसुद्धा गंमत केली माणसानं.

निळी शाई

आणि सगळं काही गेलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यांनी टोपणनावानं वर्तमानपत्रांत लिहिलेल्या गोष्टी चाहत्यांनी जुने अंक चाळून शोधल्या, त्यांचं पुस्तक २०२३ मध्ये आलं. त्या छापून गेलेल्या होत्या, म्हणजे त्यांनी स्वतः हातावेगळ्या केलेल्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हवालदाराची पोरगी

'गोइंग पोस्टल'मधल्या (२००४) मनोऱ्यांची आठवण झाली. तारेसारखे संदेश पाठवणारे मनोरे, आणि कामावर असताना मेलेल्या माणसाचं नाव लाइनीवर सोडून देतात. पुढं पाठव, नोंद करू नको, टोकाला पोचलं की परत फिरव. प्रॅचेट गेल्यावर चाहत्यांनी वेबसाइटच्या हेडरमध्ये त्यांचं नाव असंच घालून सोडलं. वाचणाऱ्याला दिसत नाही, पण ते फिरत असतं.

पायताण

आमच्या दुकानाच्या साइटवर घालता येईल काय? चपलेच्या फोटोमागं सर टेरी. कोन करून देणार?

शाहूपुरी ३री गल्ली

दोन ओळींचं काम आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मजुरी म्हणून एक कापशी जोड.

पायताण

पावसात घालणार नसशील तर.

पुणेरी पाहुणा

नमस्कार मंडळी. करवीर नगर वाचन मंदिरात वर्गणी भरली, पण 'मॉर्ट' शेवटी एका सहकाऱ्याकडून मिळालं आणि काल रात्री संपवलं. शिकाऊ पोरगा हाताशी घेतलेला यम, त्याला मांजरं आवडतात, आणि पहिल्याच दिवशी पोराला घेऊन तो झणझणीत करी खायला जातो! @उत्तरेश्वरकर, क्षमा असावी, पण तांबड्या रश्श्याचं काम लेखकानं स्वतःच करून ठेवलंय.

आता पुढं काय? यमाचंच दुसरं काही हवं आहे.

उत्तरेश्वरकर

हरलो.

शिरोळचा नाना

'रीपर मॅन' (१९९१). यमाला नोकरीवरून काढतात आणि तो बिल डोअर असं नाव घेऊन एका म्हातारीच्या शेतावर कापणीला राहतो. बाकीचे गवत पेंढीनं कापतात, हा एकेक काडी वेगळी कापतो, तरी सगळ्यांच्या आधी वाफा उरकतो. मग गावात कापणीचं यंत्र येतं. आमच्याकडं उसाच्या फडात तोडणी मशीन पहिल्यांदा उतरलं तेव्हा टोळीतली माणसं बांधावर उभी राहून बघत होती, त्यांचे चेहरे मला त्या पानावर दिसले. कथेतल्या जादूगारांचा भाग पळवत वाचला तरी चालेल, शेतावरचा भाग सावकाश वाचा. माझ्याकडं प्रत आहे. रविवारी कोल्हापुरात येणार आहे, गंगावेशीत दूध प्यायला भेटू, घेऊन येतो.

हवालदाराची पोरगी

नाना, ते पुस्तक मी आधी मागितलं होतं तुमच्याकडं, गेल्या धाग्यावर. पाहुण्यांनी नंबर लावावा.

अक्का

दोघांनी भांडू नका. माझ्याकडं आहे दुसरी प्रत, पण ती घरी येऊन, चहा घेऊन न्यायची. आणि परत आणून दिली नाही तर काय होईल ते ग्रॅनीला विचारा.